दारूने मोडलेल्या घरातून उभे राहिलेले संत गाडगेबाबा

दरवर्षी २० डिसेंबरला संत गाडगेबाबांचा स्मृतिदिन येतो, तेव्हा आपण आगमनकाळाच्या अखेरच्या आठवड्यात असतो. घरांना रंग दिला जातो, गव्हाणीची मांडणी होते, मुलांना नवे कपडे घेतले जातात आणि सणाच्या खरेदीच्या यादीत काही घरांतून दारूची बाटलीही मुकाट्याने जाऊन बसते. बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो वा लग्न, पाहुण्यांना पाजल्यावाचून कार्य पुरे होत नाही अशी समजूत आपल्याकडे हळूहळू रूढ झाली आहे. अशा दिवसांत एका परटाच्या मुलाचे चरित्र आठवावे असे वाटते. व्यसन म्हणजे काय हे तो पुस्तकातून शिकला नव्हता; त्याने ते आपल्या बापाच्या अंथरुणाशेजारी बसून पाहिले होते.

बाबा आपल्या धर्माचे नव्हते. विठ्ठलाचे नाव घेत, संतांच्या वाटेने चालणारे ते कीर्तनकार होते. परंतु दारूमुळे विधवा झालेल्या आईचे आणि पोरक्या झालेल्या मुलाचे दुःख सर्व धर्मांत सारखेच असते. म्हणून हे चरित्र आपलेही आहे.

शेंडगावचे घर

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जानोरकर आणि सखुबाई यांच्या पोटी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव डेबूजी. जात परीट, व्यवसाय कपडे धुण्याचा, जोडीला थोडीफार शेती. घराणे अगदीच दरिद्री होते असे नाही. कष्ट केले तर दोन वेळची भाकर सन्मानाने मिळावी, इतके त्या घरात होते.

पण त्या काळच्या रीतीने घराला पोखरले. नवस फेडताना बोकड कापावा, नैवेद्याला दारू असावी, जातभाईंना जेवू घालावे आणि त्या पंगतीत दारू वाटावी, असा परिपाठ होता. बारसे असो की तेरावे, दारूशिवाय पंगत उठत नसे. न पिणाऱ्याची टिंगल होई, न पाजणाऱ्याला नावे ठेवली जात. झिंगराजी या रीतीतूनच व्यसनात ओढले गेले. प्रथम सणावारी, मग बाजाराच्या दिवशी, मग रोज. दारू अशीच घरात शिरते. पाहुणी म्हणून येते, आणि घरधनी होऊन बसते.

पुढे प्रकृती ढासळली, काम होईनासे झाले, होते नव्हते ते गेले. डेबूजी जेमतेम आठ वर्षांचा असताना, १८८४ च्या सुमारास, झिंगराजींनी प्राण सोडला. शेवटच्या दिवसांत त्यांना आपली चूक कळून चुकली होती आणि पोराला या दारूपासून व बोकड मागणाऱ्या देवांपासून दूर ठेव असे त्यांनी पत्नीला विनवले, असे चरित्रकार सांगतात. व्यसनी माणसाला आपल्या मुलांविषयी माया नसते असे आपण सहज म्हणून जातो. झिंगराजींच्या अखेरच्या दिवसांकडे पाहिले की तसे म्हणवत नाही. माया होती, परंतु ती कृतीत आणण्याचे बळ व्यसनाने हिरावून घेतले होते, आणि ते परत मिळेतो वेळ निघून गेली होती.

मामाच्या घरी

सखुबाई पदरात पोर घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे गावी आल्या. भावाच्या आश्रयाने राहणाऱ्या विधवेचे जिणे कसे असते हे आपल्या खेड्यांतील माताभगिनींना वेगळे सांगावयास नको. डेबूजी गुरे राखू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. अक्षरओळख त्याला अखेरपर्यंत झाली नाही. मात्र हात कामाला विलक्षण होते. नांगर धरावा तर त्याने, पिकाची राखण करावी तर त्याने, पुरात उडी घ्यावी तर त्यानेच, अशी त्याची ख्याती झाली. रात्री गुराख्यांच्या पोरांना जमवून तो भजन म्हणे. जेवताना जातीपातीचा विचार न करता सर्वांना एकत्र बसवी.

मामा चंद्रभान यांची जमीन चांगली होती, परंतु कर्जाच्या कागदांवर काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. अंगठे उमटत गेले आणि एके दिवशी जमीन सावकाराच्या घशात गेली. या धक्क्यातून मामा सावरले नाहीत; त्यांचा अंत झाला. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा तरुण डेबूजी एकटा त्यांना आडवा गेला, ही हकिगत सर्वश्रुत आहे.

या दोन मृत्यूंनी डेबूजीला आयुष्यभर पुरेल इतके शिकविले. बापाला दारूने नेले, मामाला कर्जाने व अज्ञानाने. पुढे पन्नास वर्षे कीर्तनातून त्यांनी जे सांगितले त्याचे मूळ या दोन घरांत आहे. दारू, कर्ज आणि निरक्षरता ही तीन दुखणी वेगवेगळी नसून एकमेकांच्या हाताला धरून येतात, हे त्यांनी ओळखले होते. सणासाठी कर्ज, कर्जासाठी अंगठा, अंगठ्यामुळे जमीन जाणे आणि जमीन गेल्याच्या दुःखावर पुन्हा दारू, असे हे चक्र आहे.

बारशाचे जेवण

१८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिली मुलगी झाली. बारशाला जातभाई जमले. रीतीप्रमाणे मटण आणि दारू होणार अशी सर्वांची अपेक्षा होती. डेबूजींनी पंगतीत बुंदीचे लाडू वाढले.

आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटेल. त्या काळी ती साधी नव्हती. जातपंचायतीचा रोष म्हणजे वाळीत पडण्याचे भय होते. नातलग रुसले, वडीलधाऱ्यांनी बोल लावले. हातात पैसा नाही म्हणून हे केले, असेही कुणी म्हटले असेल. डेबूजी ढळले नाहीत. ज्या पंगतीने आपला बाप खाल्ला ती पंगत आपल्या लेकीच्या बारशाला वाढायची नाही, एवढे त्यांना स्पष्ट होते. पुढे लाखो लोकांना व्यसनमुक्तीचा उपदेश करणाऱ्या या संताने पहिली कृती स्वतःच्या घरातील कार्यात केली, ही बाब विसरता येण्यासारखी नाही.

आपल्या धर्मग्रामांतही असे प्रसंग येतात. मुलाच्या बाप्तिस्म्याला दारू ठेवायची नाही असे एखाद्या तरुण जोडप्याने ठरविले, तर त्यांना पहिला विरोध बहुधा जवळच्या नातेवाइकांकडूनच होतो. अशा वेळी त्या जोडप्याच्या बाजूने घरातील एक जरी वडीलधारे माणूस उभे राहिले, तरी रीत बदलू शकते.

घर सोडले

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात काठी व मातीचे गाडगे. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्याच गाडग्यातून पाणी प्यायचे. त्यावरून लोक त्यांना गाडगेबुवा, गोधडेबुवा, चिंधेबुवा अशा नाना नावांनी हाक मारू लागले. शेवटी गाडगेबाबा हे नाव टिकले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. दारूपायी झिंगराजी घराला अंतरले, लोकांच्या कल्याणापायी त्यांचा मुलगाही घराला अंतरला. दोन्ही वेळा मागे राहिली ती स्त्री. सखुबाईंनी आधी पती गमावला, मग मुलगा दृष्टीआड झाला. कुंताबाईंनी मुलांना कष्टाने वाढविले. पुढे बाबांच्या शब्दाखातर हजारो रुपये गोळा होऊ लागले, तेव्हाही त्यातील एक पैसा त्यांनी आपल्या संसाराकडे वळू दिला नाही. कुंताबाई साध्या झोपडीत राहिल्या. बाबांच्या थोरवीत या माउलीचा वाटा मोठा आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो.

भ्रमंतीची पहिली वर्षे खडतर होती. लोक वेडा समजत, कुत्री अंगावर सोडत. बाबा गावात शिरत, कुणाच्या शेतात राबत, कुणाचे लाकूड फोडून देत आणि मगच भाकरी मागत. कामाशिवाय अन्न नाही, हा त्यांचा नेम होता. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरत असे. नदीच्या निसरड्या काठावरून म्हातारी माणसे व बायाबापड्या घसरून पडत. बाबांनी तेथे स्वतः माती टाकून वाट करावयास सुरुवात केली आणि पुढे लोकवर्गणीतून घाट बांधून घेतला. अंधअपंगांना जेवू घालण्याचा प्रघातही त्यांनी तेथे पाडला.

खराटा आणि कीर्तन

बाबा गावात आले की आधी खराटा हाती घेत. चावडी, देवळाचे आवार, गटारे, यात्रेचा तळ, सारे झाडून काढत. प्रथम लोक नुसते पाहत, मग ओशाळत, मग स्वतः झाडू घेऊन येत. दिवसभर गावाचा कचरा निघे आणि रात्री कीर्तनात मनाचा.

त्यांचे कीर्तन शास्त्रीपंडितांच्या कीर्तनासारखे नव्हते. वऱ्हाडी बोलीत, समोरच्या अडाणी माणसाला प्रश्न विचारत ते पुढे सरकत. देवाला बोकड लागतो काय, कर्ज काढून सण करावा काय, दारू प्याल्याने कुणाचे भले झाले काय, असे प्रश्न ते विचारीत आणि उत्तर समोरच्याच्या तोंडून वदवून घेत. स्वतः हसत, लोकांना हसवत आणि पुढच्याच क्षणी डोळ्यांत पाणी आणत. दारुड्याच्या घरातील चूल, त्याची उपाशी पोरे, अंगावर धडके लुगडे नसलेली बायको यांचे चित्र ते असे उभे करीत की सभेत बसलेल्या पिणाऱ्याला ते आपलेच घर वाटे. दारू सोडण्याची प्रतिज्ञा करून अनेक जण तेथून उठत.

दारुड्याला नीच ठरवून त्यांनी दूर लोटले नाही. तसे करणे त्यांना शक्यही नव्हते, कारण दारुडा म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे बाप उभा राही. त्यांचा राग दारूवर होता, तिला प्रतिष्ठा देणाऱ्या रीतींवर होता, देवाच्या नावावर तिचा प्याला भरणाऱ्या ढोंगावर होता. पाय धरावयास येणाऱ्यांना मात्र ते काठी उगारून दूर ठेवीत. आपला कुणी गुरू नाही आणि आपला कुणी शिष्य नाही, असे ते सांगत.

एकदा कीर्तन चालू असताना त्यांचा मुलगा गोविंद वारल्याची तार आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी घरांत असे पुत्रशोक होऊन गेले आहेत, मग आपल्या एकट्याच्या दुःखासाठी सर्वांना का उठवावे, असा त्यांचा भाव होता.

धर्मशाळा आणि शाळा

बाबा केवळ उपदेश करून थांबले नाहीत. व्यसन सोडलेल्या माणसाचा वाचलेला पैसा कुठे जावा, याचे उत्तरही त्यांच्याजवळ होते: मुलांच्या शिक्षणाकडे. घरातील भांडे विकावे लागले तरी चालेल, परंतु मुलाला शाळेत घाला, असे ते कळवळून सांगत. निरक्षरतेपायी जमीन गेलेल्या मामाचा भाचा याहून वेगळे काय सांगणार? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या पाठीशी ते उभे राहिले. १९५४ मध्ये कऱ्हाड येथे निघालेल्या रयतच्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव देण्यात आले. याच रयतच्या शाळांतून आपल्या नगर जिल्ह्यातील असंख्य शेतकऱ्यांची व मजुरांची मुले शिकून पुढे आली.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरला ज्यांना देवळात आणि वाड्यांत थारा नव्हता त्या अस्पृश्य बांधवांसाठी त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लाखोंच्या इमारती उभारणाऱ्या या माणसाने स्वतः त्यांपैकी एकाही इमारतीत आपले घर केले नाही. १९५२ मध्ये सर्व संस्थांचा कारभार पाहण्यासाठी श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. त्याच वर्षी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण झाले. बाबा तेव्हा स्वतःच आजारी होते. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचे नाव विद्यापीठाला मिळाले.

स्वच्छतेचे गाडगेबाबा आपण लक्षात ठेवले. खराटा त्यांच्या प्रत्येक चित्रात असतो. व्यसनमुक्तीचे गाडगेबाबा मात्र आपण थोडे विसरलो आहोत.

आपल्या जिल्ह्यातील वास्तव

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे आपला पूर्वीचा अहमदनगर, हा साखरेचा जिल्हा आहे. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उसाने येथील कितीतरी घरांना बरे दिवस दाखविले. त्याच उसाच्या मळीपासून मद्यार्कही निघतो. गळिताच्या हंगामात उचल घेऊन कोयता चालविणारा ऊसतोड मजूर दिवसभराच्या श्रमाने मोडून येतो, आणि फडाजवळच त्याला गुळाची वा नवसागराची हातभट्टी मिळते. उचल फिटत नाही, पुढच्या वर्षीची उचल आधीच खर्च होते. डेबूजींच्या मामाच्या काळातील अंगठ्याचे चक्र थोड्या निराळ्या रूपाने आजही फिरत आहे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातील पांगरमल येथे, स्थानिक निवडणुकीच्या धामधुमीतील एका जेवणावळीत विषारी दारू पिऊन अनेकांचे प्राण गेले. फुकट मिळालेल्या दारूने कर्ती माणसे नेली. विषारी दारूतील घातक पदार्थ बहुधा मिथेनॉल हा असतो. रंगाने व वासाने तो नेहमीच्या दारूसारखाच असल्याने पिणाऱ्याला शंका येत नाही. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक आम्ल बनते; ते प्रथम डोळ्यांच्या नसांवर घाला घालते आणि वेळेवर उपचार न झाल्यास जीव घेते. दारू प्याल्यानंतर धूसर दिसू लागले, पोटात कळा व उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

याच जिल्ह्याने दुसरे चित्रही पाहिले आहे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव एकेकाळी दुष्काळासाठी आणि दारूच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाई. १९७५ मध्ये अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, यादवबाबांच्या मंदिराभोवती तरुण संघटित झाले आणि भट्ट्या बंद पडल्या. पाणलोटाची कामे, शाळा, शेती यांची घडी त्यानंतर बसली. तेथे मद्यपींना खांबाला बांधण्याचा कठोर मार्गही अवलंबिला गेला, आणि त्यावर पुढे टीकाही झाली. गाडगेबाबांचा मार्ग प्रश्न विचारण्याचा आणि माणसाला आतून जागे करण्याचा होता. दारू सुटल्याशिवाय गाव उभे राहत नाही, हे मात्र दोन्ही अनुभवांतून सारखेच दिसते.

व्यसन हा आजार आहे

बाबांच्या काळी जे अनुभवाने कळत होते त्याला आज विज्ञानाचा आधार मिळाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. त्याच वर्षी भारत सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, आणि त्यांतील ५ कोटी ७० लाखांना तिच्या दुष्परिणामांमुळे मदतीची गरज आहे. यकृतावर आधी चरबी साठते, मग सूज येते आणि शेवटी ते दगडासारखे कठीण होते. तोंड, अन्ननलिका, यकृत यांच्या कर्करोगाशी दारूचा थेट संबंध आहे. स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गर्भवती मातेने घेतलेली दारू गर्भातील बाळापर्यंत पोहोचते.

सतत दारू घेतल्याने मेंदूला तिची सवय होते. तितक्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागते, आणि ती न मिळाल्यास हात कापणे, झोप उडणे, भास होणे, झटके येणे असे त्रास होतात. म्हणून वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी सोडताना डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा; नुसत्या शपथेवर विसंबणे जिवावर बेतू शकते. शपथ मोडली तर त्या माणसाला खोटारडा म्हणून हिणवू नये. पुन्हा घसरणे हे या आजाराचे लक्षण आहे, आणि पुन्हा उठणे शक्य आहे.

व्यसनाकडे कल असण्यात आनुवंशिकतेचा वाटा बराच असतो. म्हणून ज्या घरात बाप किंवा आजोबा पीत होते त्या घरातील मुलांनी पहिला प्याला हाती घेण्यापूर्वी अधिक सावध असावे. तथापि आनुवंशिकता म्हणजे ललाटरेषा नव्हे. झिंगराजींचा मुलगा गाडगेबाबा झाला, याहून मोठा पुरावा कोणता?

आज तरुणांपुढे दारूखेरीज गांजा, गुटखा, झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधे असे अनेक सापळे आहेत. शहरात शिकायला गेलेला मुलगा अचानक पैसे मागू लागला, मित्र बदलले, डोळे लाल दिसू लागले, घरच्यांशी बोलेनासा झाला, तर रागावण्याआधी त्याच्याजवळ बसावे.

आपल्या श्रद्धेच्या संदर्भात

आपल्यापैकी काही जण काना गावच्या लग्नाचा दाखला देतात, आणि वेदीवर द्राक्षरस असतो याची आठवण करून देतात. ख्रिस्तसभेने द्राक्षरसाला कधी पाप म्हटले नाही, हे खरे आहे. मात्र अतिरेकाला आणि स्वतःच्या व दुसऱ्याच्या जिवाला धोक्यात घालणाऱ्या मद्यपानाला तिने नेहमीच गंभीर दोष मानले आहे. काना येथे एका घराची लाज राखली गेली. ज्या बाटलीने घराची लाज वेशीवर टांगली जाते, तिच्या समर्थनासाठी त्या लग्नाचा आधार घेता येत नाही.

झिंगराजींनी देह ठेवला त्याच सुमारास, १८८४ मध्ये, आयर्लंडमधील डब्लिन शहरात मॅट टॅल्बट नावाच्या एका हमालाने दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली. वयाच्या बाराव्या वर्षापासून तो पीत होता. त्याने प्रतिज्ञा आधी तीन महिन्यांसाठी घेतली, मग ती वाढवीत नेली आणि १९२५ मध्ये मिस्साला जाताना रस्त्यात मरण येईपर्यंत चाळीस वर्षे पाळली. १९७५ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला वंदनीय घोषित केले. एकाच वेळी जगाच्या एका टोकाला एक दारुडा हरला आणि दुसऱ्या टोकाला एक जिंकला. हरलेल्याचा मुलगा पुढे हजारोंना जिंकविणारा ठरला. देवाच्या हिशेबात कोणतेही घर कायमचे बुडीत खात्यात जात नाही.

आपण काय करू शकतो?

दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला लाखो भाविक जातात. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर काय काय पडलेले असते हे तेथे झाडणाऱ्यांना ठाऊक असते. बाबा आज तेथे आले असते, तर खराटा घेऊन त्यांनी आधी ते मैदान झाडले असते आणि सापडलेल्या रिकाम्या बाटल्या दाखवून आपल्याला प्रश्न विचारले असते. त्या प्रश्नांची उत्तरे आपण आजच तयार ठेवावीत.

घरातील पुढचे कार्य दारूविना करण्याचा निश्चय एका कुटुंबाने केला, तर दुसऱ्याला धीर येतो. धर्मग्रामाच्या तरुण मंडळाने आणि महिला मंडळाने व्यसनी व्यक्तीच्या पत्नीची व मुलांची विचारपूस केली, मुलांची फी थकली असेल तर ती भरण्याची व्यवस्था केली, तर ते खरे धर्मकार्य ठरेल. गावातील दारूचे दुकान बंद करण्याचा हक्क कायद्याने स्त्रियांना दिला आहे. एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के महिलांनी मागणी केल्यास गुप्त मतदान घेतले जाते, आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या बाजूने कौल दिल्यास दुकान बंद होते. या हक्काची माहिती प्रत्येक गावातील भगिनींना असली पाहिजे.

उपचारांची सोयही आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रातही भरतात. तेथे नाव विचारले जात नाही, पैसे घेतले जात नाहीत. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या चर्चच्या आवारात सुरू केलेले कृपा फाउंडेशन आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात उभे केलेले मुक्तांगण या संस्थांनी हजारो घरे सावरली आहेत. केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करून सल्ला मिळू शकतो. मदत मागण्यात कमीपणा नाही. झिंगराजींना अशी मदत मिळाली असती, तर कदाचित डेबूजीला बापाचा हात धरून मोठे होता आले असते.

या नाताळात गव्हाणीपुढे गुडघे टेकताना आपल्या धर्मग्रामातील अशा एखाद्या डेबूजीची आठवण ठेवू या. तो कदाचित आपल्याच शेजारच्या घरात राहतो, रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला येतो, आणि रात्री बाप घरी येण्याच्या वेळी दाराकडे कान लावून बसतो. त्याच्यासाठी प्रार्थना करू या, आणि प्रार्थना आटोपली की उठून त्याच्या दारापर्यंत जाऊ या.